बिल वाचायला शिकू या
शास्त्रभाग : लूक 10:30-35; नीतिसूत्रे 11:1



चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातले तेल, द्राक्षारस आणि पट्ट्या आपल्या लक्षात राहतात. पण त्याने उतारशाळेच्या रखवालदाराला 2 दीनार दिले आणि वरचा खर्च परत येताना देण्याचे वचन दिले, हे आपण विसरतो. जखमी माणसाच्या खर्चाची काळजी घेणे हाही सेवेचाच भाग आहे.

गेल्या पावसाळ्यात शिरूर तालुक्यातल्या एका पारधी वस्तीवरची मावशी बिल घेऊन माझ्याकडे आली. पाय सुजले म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले होते. तिने शेळी विकून खासगी लॅबमध्ये 1,500 रुपये भरले. बिलात एलएफटी 600, केएफटी 500 आणि त्याखाली एसजीओटी, एसजीपीटी, बिलिरुबिन मिळून 400 रुपये होते. चूक इथेच होती.

ही अक्षरे समजून घेऊ. एलएफटी म्हणजे यकृताच्या तपासण्यांचा गट. बिलिरुबिन, एसजीओटी आणि एसजीपीटी त्यातच येतात. केएफटी म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासण्यांचा गट. युरिया आणि क्रिएटिनिन त्यात असतात. गटाचे पैसे घेतल्यावर त्यातल्याच तपासणीचे पैसे पुन्हा लावणे म्हणजे एकच माल दोनदा तोलणे. अमेरिकेत यासाठी क्रमांक ठरलेले आहेत. 80053 या एका क्रमांकात रक्तातल्या 14 तपासण्या येतात, आणि त्या सुट्या करून बिल लावणे तिथे नियमाविरुद्ध आहे. आपल्याकडच्या लॅबच्या बिलावर असा क्रमांक सहसा नसतो, म्हणून नावे वाचावी लागतात. मात्र उपाशीपोटीची साखर आणि जेवणानंतरची साखर या खरोखरच दोन तपासण्या आहेत. तिथे उगाच वाद घालू नये.

आम्ही लॅबमध्ये गेलो आणि शांतपणे विचारले, "या गटात काय काय येते?" त्यांनी यादी पाहिली, चूक मान्य केली आणि 400 रुपये परत दिले. मावशी म्हणाली, "शेळीचा एक पाय तरी परत आला!" आम्ही हसलो, पण मला वाईट वाटले. मुळात शेळी विकायची गरजच नव्हती.

हे लक्षात ठेवा :

1. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. शिरूरचे ग्रामीण रुग्णालय आणि दौंडचे उपजिल्हा रुग्णालय यांत येतात. पुण्याचे ससून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने हा निर्णय तिथे लागू नाही.

2. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक आणि ठरलेली रक्कम असते. दाखल रुग्णाच्या त्या उपचारासाठीच्या तपासण्या त्यातच धरलेल्या असतात. वेगळे पैसे मागितले तर आरोग्यमित्राला भेटा किंवा 155388 वर फोन करा. रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा. ज्यांच्याकडे नाही त्यांनी आजारी पडण्याआधीच आम्हाला सांगा.

3. खासगी लॅबमध्ये रक्त देण्याआधी दर विचारा, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा आणि छापील पावती घ्या. रक्ततपासणीवर जीएसटी लागत नाही.

4. पावती आणि रिपोर्ट शेजारी ठेवून पाहा. जे रिपोर्टात नाही त्याचे पैसे का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे.

खोटा तराजू परमेश्वराला आवडत नाही. पण तो खोटा आहे हे कळायला आकडे वाचता आले पाहिजेत. वस्तीवर शाळेत जाणारे एखादे तरी लेकरू आहेच. त्याला शेजारच्या आजीचे बिल वाचून दाखवायला शिकवा.

चर्चेसाठी : तुमच्या वस्तीवर रेशनकार्ड नसलेली कुटुंबे किती? दवाखान्यात जाताना त्यांच्यासोबत कोण जाईल?

प्रार्थना : प्रभू, आजाऱ्यांना बरे कर आणि त्यांच्यासोबत दवाखान्याची पायरी चढायला आम्हाला धैर्य दे. आमेन.