दुखणी दोन, पट्टा एक

दुसऱ्यांच्या बंद गाड्या ओढणाऱ्याची गाडी घाटात बंद पडली की लोक हसतात. त्या रात्री रस्त्यावर हसायलाही कुणी नव्हतं.

जुलै महिना, पाऊस धो धो. रामनगरला बंद पडलेली कार फोंड्याला पोचवायची होती. लोंढ्याहून टोइंगची गाडी काढली, कारची पुढची चाकं उचलली, कारवाल्याला बरोबर घेतलं आणि अनमोड घाट उतरायला लागलो. दुसऱ्या की तिसऱ्या वळणाला बॉनेटखाली फट्‌ झालं. बॅटरीचा लाल दिवा लागला. स्टेअरिंग हलेना, ब्रेकचं पेडल दगड.

घाबरून मी पेडल धडाधड दाबलं. तीच चूक. ब्रेकच्या बुस्टरमध्ये उरलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांपुरता असतो, तो मी फुकट घालवला. मग पाठ सीटला टेकवून दोन्ही पाय पेडलवर रोवले, गाडी पहिल्या गिअरात आणली, हँडब्रेक बेताबेतानं ओढला आणि डोंगराच्या अंगाला गटारात चाक घातलं. कारवाल्यानं उतरून चाकांना दगड लावले, तरी माझे पाय लटपटतच होते.

सकाळी मिस्त्रीनं बॉनेट उघडलं. “मामा, तेल जातंय कुठं ते बघायचं सोडून नुसतं ओततच होतासा की!”

खरं होतं. आठ दिवस स्टेअरिंग जड लागत होतं, मी डबीत तेल भरत होतो. गळक्या पाइपातून ते थेंब थेंब पट्ट्यावर पडत होतं. तेलानं रबर फुगलं, पट्टा घसरायला लागला. सकाळी गाडी चालू करताना किंवा स्टेअरिंग पूर्ण वळवलं की चीं-चीं व्हायची. मी म्हटलं, पावसाचं असेल. माझ्या जुन्या डिझेल गाडीत स्टेअरिंगचा पंप आणि अल्टरनेटर एकाच पट्ट्यावर, आणि ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्याच पाठीला. पट्टा तुटला की तिन्ही एकदम गेले.

पेडल कडक झालं तरी ब्रेक असतो, फक्त ताकद तुमची लागते. पेडल मऊ होऊन खाली गेलं तर दुखणं वेगळं: ब्रेक ऑइल गळलं, लाइनीत हवा शिरली, नाहीतर उतारावर तापून ते उकळलं. तिथं मात्र भराभर पंप मारायचा. दोन्हीकडे इंजिन बंद करू नका, न्यूट्रल तर नाहीच.

बुस्टर तपासायला मिनिट लागतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. आणि मागं वजन उचललं की पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग मऊ लागलं म्हणून खूश होऊ नका, रस्त्यावरची पकड सुटलेली असते. घाटात दोरीनं ओढायचं तर नावच नको. मागच्या गाडीचं इंजिन बंद, म्हणजे तिचंही स्टेअरिंग आणि ब्रेक असेच जड.

आम्ही रेल्वेच्या गावचे. कॅसल रॉकहून कुळ्याकडे रूळ ३७ फुटांना १ फूट उतरतो. जादा इंजिनं जोडून, ब्रेक तपासूनच गाडी खाली सोडतात. हे लहानपणापासून बघूनही मी बॉनेट उघडलं नव्हतं.

घाट उतरण्याआधी रामनगरलाच थांबा, इंजिन बंद करून पट्टा अंगठ्यानं दाबून बघा. चिरा दिसल्या, हाताला तेल लागलं, तर तिथंच बदला. घाटात पट्टा विकत मिळत नाही.