बंगळुरूत शिक्षणशास्त्रात पीएचडी : कोर्सवर्क वाया घालवू नका

ज्ञानभारती आवारातला बंगळुरू विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभाग असो की ख्राइस्ट विद्यापीठ, मूळ चौकट यूजीसीच्या २०२२ च्या नियमांचीच. एमएड किंवा शिक्षणशास्त्रातल्या एमएला ५५ टक्के हवेत. राखीव प्रवर्ग, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बलांना ५ टक्के सवलत. नेटच्या गुणांवर प्रवेश घेणार असाल, तर पीएचडीपुरते ते गुण वर्षभरच चालतात, म्हणून त्याच वर्षी अर्ज करा. नोकरी सांभाळून करायची तर संस्थेचे ना-हरकत पत्र आधी हातात घ्या.

मुलाखतीआधी प्रश्न ठरवा, विषय नव्हे. ‘सीमाभागातल्या मराठी शाळा’ यावर संशोधन होत नाही. ‘खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत चौथीची मुले कन्नड वाचायला कशी शिकतात’ यावर होते. मार्गदर्शक त्या प्रश्नात मुरलेला शोधा. प्राध्यापकाकडे एका वेळी आठच विद्यार्थी असू शकतात, तेव्हा जागा आहे का हे आधीच विचारा.

मग कोर्सवर्क. किमान १२ क्रेडिट : संशोधन पद्धती, विषयाचे पेपर आणि २ क्रेडिटचा संशोधन व प्रकाशन नीतीचा सक्तीचा पेपर. उत्तीर्ण व्हायला ५५ टक्के लागतात. बरेच जण हे परीक्षेपुरते उरकतात आणि पुढे वर्षभर चाचपडतात. तसे करू नका. पद्धतीच्या पेपरमध्ये प्रश्नावली मागितली, तर आपल्याच चौथीच्या वर्गासाठी तयार करा. पाच-सहा मुलांकडून एक कन्नड परिच्छेद मोठ्याने वाचून घ्या, अडखळलेला प्रत्येक शब्द टिपा. साधन कुठे कमी पडते ते तिथेच कळते. नीतीच्या पेपरसाठी पालकांचे संमतीपत्र मराठीत लिहा. पुढे तेच वापरता येईल.

शाळेचे वेळापत्रक पाहूनच सर्वेक्षण आखा. कर्नाटकात शाळा मे अखेरीस-जूनमध्ये सुरू होतात, मार्चमध्ये परीक्षा लागतात. त्यामुळे मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी उन्हाळ्यातच मागा.

दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. तिच्या सूचना तारखेसह लिहून ठेवा. प्रबंध देण्याआधी साम्य-तपासणी करून घ्या. १० टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते.

कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षे, कमाल सहा. पुनर्नोंदणीने आणखी दोन मिळतात, स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन. प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. ती हक्काची आहे, मागून घ्या.