नको म्हणणाऱ्या आईशी बोलताना

प्रश्न : आई ७८ वर्षांची, पुण्यात एकटी राहते. दोनदा न्हाणीघरात पडली. वृद्धाश्रमाचं नाव काढलं की रडते. विषय कसा काढावा?

उत्तर : ‘तुला तिथे ठेवतो’ या वाक्यात निर्णय आधीच झालेला असतो, म्हणूनच आईला ते टाकून दिल्यासारखं लागतं. मुलाने आधी विचारावं, ‘रात्री एकटीला कशाची धास्ती वाटते?’ आणि उत्तर पुरतं ऐकावं. नातेवाईक जमलेले असताना हा विषय नकोच.

पडण्याचं कारणही शोधायला हवं : रक्तदाबाच्या गोळ्या, मोतीबिंदू, ओली फरशी. भिंतीला आधाराचा दांडा आणि दिवसपाळीची मदतनीस, एवढ्यानेही काहींचं घर सुटत नाही.

हलायचं ठरलंच, तर जागा आईने स्वतः पाहाव्यात, तिथे जेवावं, काही दिवस राहून बघावं. रात्री परिचारिका असते का, अंथरुणाला खिळल्यावर ठेवून घेतात का, अनामत परत मिळते का, हे लेखी घ्यावं.

आईचं घर नावावर करून घेण्याची घाई मात्र अजिबात करू नये. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यातील कलम २३नुसार, सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास न्यायाधिकरणाकडून परत मिळवता येते. ही तरतूद मुलाने स्वतःहून आईला सांगावी. मार्गदर्शनासाठी ज्येष्ठांची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.