आधी मूठ उघडी आहे का ते बघ

लवळे, ता. मुळशी, जि. पुणे
आषाढ शुद्ध दशमी

चि. सुमेध यास,


तू पाठवलेली जाहिरात चष्मा लावून दोनदा वाचली. मुळशी धरणाच्या काठी रिसॉर्टवर दोन दिवसांचं शिबिर, ‘बुद्धाचं गुप्त ध्यानरहस्य’, फी अठरा हजार. खाली तुझा प्रश्न : जाऊ का? आणि त्याच्याही खाली तक्रार, की आपल्या विहारात नुसती गाणी आणि भाषणं, मनाच्या शांतीबद्दल कुणी काही शिकवत नाही. रात्र रात्र झोप लागत नाही असंही लिहिलंयस. त्यामुळे पत्र लांबलं तरी शेवटपर्यंत वाच.

पहिल्यांदा त्या ‘गुप्त’ शब्दाचं बघू. महापरिनिब्बान सुत्तात बुद्ध मोठ्या दुखण्यातून उठलेले आहेत. त्यांचा शिष्य आनंद याला वाटतं, आता ते संघासाठी काही राखून ठेवलेलं सांगतील. त्यावर ते त्याला सांगतात, की मी आतले आणि बाहेरचे असा भेद न करता धम्म सांगितला आहे. काही शिकवण मुठीत झाकून ठेवणारा आचार्य मी नव्हे. तेव्हा बुद्धाच्या नावावर जो रहस्य विकतो, तो दुसऱ्याच कुणाचा तरी माल विकतो. ही जाहिरात इथेच निकालात निघाली.

पण उद्या दुसरी येईल, आणि ती शहाण्या भाषेत लिहिलेली असेल. आपल्या गावच्या डोंगरावर आता सिंबायोसिस आणि फ्लेम अशी दोन विद्यापीठं आहेत. फाट्यावर चहा प्यायला येणाऱ्या पोरांच्या तोंडीही ‘माइंडफुलनेस’ असतो. मग खरं-खोटं ओळखायचं कसं? संयुत्त निकायात यावर एक मजेदार गोष्ट आहे. कोसलचा राजा पसेनदी श्रावस्तीला बुद्धांजवळ बसलेला असतो. समोरून जटाधारी, जैन निगंठ, नग्न साधू, परिव्राजक जातात. राजा उठून त्यांना हात जोडतो आणि परत येऊन म्हणतो, हे जगातल्या अर्हंतांपैकी असणार. बुद्ध म्हणतात, महाराज, तुमच्यासारख्या संसारी माणसाला ते ओळखणं अवघड आहे. माणसाचं शील सहवासातून कळतं, सचोटी व्यवहारातून, मनाचं बळ संकटात आणि प्रज्ञा चर्चेतून. तेही बऱ्याच काळानं आणि लक्ष ठेवलं तरच. तेव्हा राजा कबूल करतो, की हे सगळे माझेच हेर आहेत. मुलखाची बातमी काढून येतात, मग अंग धुऊन, दाढी-केस नीट करून, पांढरे कपडे घालून मजेत राहतात.

या चार कसोट्या तू कुठल्याही गुरूला, संस्थेला, शिबिराला लाव. त्यातली व्यवहाराची सगळ्यात सोपी. पैसे कधी मागतात, किती मागतात, न दिल्यास वागणं बदलतं का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं. चर्चेची कसोटीही घरबसल्या घेता येते. शंका विचार आणि समोरच्याचा चेहरा बघ. शंकेचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नकोस. मोबाइलवरच्या व्हिडिओंना मात्र यातली एकही कसोटी लागत नाही. तिथे ना सहवास, ना व्यवहार. ऐकायला हरकत नाही, विश्वास टाकायला आहे.

आता सत्यनारायण गोयंकांच्या विपश्यना शिबिरांचं. गोयंका मूळचे ब्रह्मदेशातले व्यापारी, जन्म मंडालेचा, १९२४चा. अर्धशिशीनं हैराण झाले म्हणून ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. हे ऊ बा खिन सरकारात महालेखापाल होते. नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका, असं त्यांनी गोयंकांना सांगितलं. गिऱ्हाईक दारात आलेलं असताना असं सांगणारा माणूस मला भरवशाचा वाटतो. गोयंका १९६९मध्ये भारतात आले, इगतपुरीचं धम्मगिरी १९७६पासून आहे. पुण्यात स्वारगेटजवळ केंद्र आहे, आळंदीच्या पुढे मरकळला आहे. दहा दिवसांचं शिबिर, मौन, पंचशील, पहाटे चारला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक. पहिले तीन दिवस फक्त श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना. फी नाही, आचार्यांना मानधन नाही, आणि दान घेतात ते शिबिर पूर्ण केलेल्याकडूनच. सगळे नियम आधी लेखी कळवतात. तरी ही एक पद्धत आहे, अख्खा धम्म नव्हे. शिवाय ती सोपी नाही. पाठ दुखते, पळून जावंसं वाटतं. फॉर्ममध्ये मानसिक आजाराबद्दल, औषधांबद्दल विचारतात, तिथे खरं तेच लिही.

झोपेचं म्हणशील तर आधी डॉक्टर. कित्येक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कामात लक्ष नाही, हे ध्यानाला बसून झाकायचं दुखणं नव्हे. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. बुद्धांनी आजारी भिक्खूंना औषध घ्यायला मनाई केली नव्हती. भिक्खूंच्या नियमांचा जो विनय ग्रंथ, त्यात औषधांवर वेगळं प्रकरणच आहे.

राहिली तुझी विहाराबद्दलची तक्रार. आपल्या लोकांना सभा-मिरवणुकीची सवय जास्त, हे मान्य. पण धम्मात मनाची शांती एकीकडे आणि अन्यायाची चर्चा दुसरीकडे, अशी वाटणी तू केलीस ती मला पटत नाही. बाबासाहेबांचा ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ १९५७मध्ये, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. त्यात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांची लढाई पेटू नये म्हणून. पालीचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी यांनाही ती म्हातारा-रोगी-प्रेताची कथा पटली नव्हती. ‘भगवान बुद्ध’ या पुस्तकात त्यांनी सुत्तनिपाताच्या आधारानं ते मांडलं आहे : शस्त्रं घेऊन एकमेकांवर उठलेली माणसं बघून सिद्धार्थाच्या मनात भय उपजलं. मुळशीच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. धरणात जाणाऱ्या जमिनींसाठी १९२१मध्ये इथेच सत्याग्रह झाला होता. भोवती भांडण धुमसत असताना आपल्यापुरती शांती मिळवण्याची सोय बुद्धांनी ठेवलेली नाही.

म्हणून तुला सांगते, सुरुवात पुस्तकापासून आणि विहारापासून कर. या पौर्णिमेला वर्षावास सुरू होतोय, तो अश्विन पौर्णिमेपर्यंत चालेल. त्या तीन महिन्यांत ठिकठिकाणच्या विहारांत संध्याकाळी बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन होतं. तुझ्या खोलीपासून देहूरोड लांब नाही. तिथल्या विहारात बाबासाहेबांनी स्वतः २५ डिसेंबर १९५४ला बुद्धमूर्ती बसवली. तिथे चौकशी कर, किंवा जवळच्या कुठल्याही विहारात जाऊन मागे बस. ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी प्रश्न मांडले आहेत : गृहत्यागाचं कारण, चार आर्यसत्यं, आत्मा नाही तर कर्म आणि पुनर्जन्म कसा, भिक्खू कशासाठी. ते वहीत उतरून घे आणि वाचनानंतर मोठ्यांना विचार. भाषणाचा कंटाळा येतो तो ऐकणारा गप्प बसतो म्हणूनही.

त्याच्या जोडीला कोसंबी वाच. गोव्यातल्या सांखवाळचा हा माणूस ‘बालबोधमेवा’ मासिकातला बुद्धावरचा लेख वाचून बुद्धाच्या मागे लागला. नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकला आणि १९१२ ते १९१८ फर्ग्युसनमध्ये शिकवत होता. ‘निवेदन’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचलंस तर खात्रीच्या शिक्षकासाठी माणूस किती वणवण करतो ते कळेल. तुला तेवढं करायचं नाही. पुणे विद्यापीठात पाली विभाग आहे, प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम आहे. मूळ सुत्तं थोडी तरी वाचता आली, की बुद्धाच्या नावावर कुणी काहीही खपवू शकत नाही.

तेव्हा क्रम असा : या आठवड्यात डॉक्टर, पौर्णिमेपासून विहारातलं वाचन, रोज सकाळी दहा मिनिटं श्वासाकडे लक्ष, आणि पंचशील नुसतं म्हणायचं नाही, पाळायचं. वर्षावास संपल्यावरही शिबिराला जावंसं वाटलं तर मरकळचा फॉर्म भर. ते अठरा हजार बँकेतच राहू देत. पालीच्या वर्गाला आणि पुस्तकांना त्यातले थोडेसेच लागतील. डॉक्टर काय म्हणाले ते मला फोन करून सांग. दादा-वहिनींना जय भीम.

तुझी,
आत्या