पालकांचा वाद आणि पाल्याचे शिक्षण : इतिहास, कायदा व आपले कर्तव्य

पती-पत्नी विभक्त झाले की घराची, भांड्याकुंड्यांची, दागिन्यांची वाटणी होते. मुलांची वाटणी होऊ शकत नाही. म्हणूनच त्यांच्याविषयीचा वाद सर्वांत अधिक काळ चालतो आणि पुष्कळदा तो शाळेच्या दारात येऊन उभा राहतो. एक पालक प्रवेश घेतो, दुसरा शाळा सोडल्याचा दाखला मागतो. एक फी भरण्याचे थांबवितो, दुसरा आधारकार्ड देण्यास नकार देतो. निवासी शाळेला हा प्रश्न अधिकच जवळचा आहे. घर मोडल्यानंतर मुलाला ठेवायचे कोठे, या विवंचनेतूनच अनेक मुले वसतिगृहात दाखल होतात. प्रस्तुत लेखात या प्रश्नाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, आजचा कायदा आणि शिक्षक व पालक यांचे कर्तव्य यांचा विचार करावयाचा आहे. त्यामागील सूत्र एकच आहे : शिक्षण हा आईचा किंवा वडिलांचा नव्हे, तर मुलाचा स्वतःचा हक्क आहे.

पित्याच्या मालकीपासून मुलाच्या हितापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये विवाहातून जन्मलेल्या मुलांवर कायद्याने पित्याचाच अधिकार मानला जाई. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेचे तीन मुलगे पतीने तिच्यापासून दूर केले. तिने या अन्यायाविरुद्ध लेखणी चालविली आणि १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांचा ताबा न्यायालयाकडे मागण्याची मुभा मातांना प्रथमच मिळाली. परंतु ताबा मागता येणे वेगळे आणि मिळणे वेगळे. १८७८ मध्ये ॲनी बेझंट यांच्याकडून त्यांची मुलगी मेबल हिचा ताबा काढून घेण्यात आला व तो त्यांच्या विभक्त पतीकडे, एका धर्मगुरूकडे, देण्यात आला. आईची निरीश्वरवादी मते, संततिनियमनावरील पुस्तिकेचे प्रकाशन आणि मुलीला धार्मिक शिक्षणापासून दूर ठेवणे, ही त्यामागील कारणे होती. मुलीने काय शिकावे हा प्रश्न तेथे मुलीचा राहिला नाही. आईला शिक्षा करण्याचे ते साधन झाले. आजही अनेक घरांत हेच घडते, फक्त न्यायाधीशाच्या जागी नातेवाईक असतात.

भारतात १८९० चा पालक व पाल्य अधिनियम आला आणि पालकत्वाचा निर्णय करताना अज्ञान मुलाचे कल्याण पाहावे, हे तत्त्व कायद्यात नोंदले गेले. मूल समजदार असेल तर त्याच्या पसंतीचाही विचार न्यायालयाला करता येतो, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. हा कायदा आजही लागू आहे.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडलेल्या हिंदू कोड बिलात पालकत्व हाही एक विषय होता. ते बिल रखडले आणि १९५१ मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे १९५५-५६ मध्ये त्याचे तुकडे स्वतंत्र कायद्यांच्या रूपाने संमत झाले. त्यांपैकी १९५६ चा अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम बौद्धांनाही लागू आहे, हे आपल्या समाजातील पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. या कायद्याने पित्याला प्रथम व 'त्यानंतर' मातेला नैसर्गिक पालक मानले. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे राहील, असे सांगितले. आणि मुलाचे कल्याण हाच सर्वश्रेष्ठ विचार असेल, असेही सांगितले.

त्या 'त्यानंतर' या एका शब्दाने कित्येक मातांची अडवणूक झाली. गीता हरिहरन या लेखिकेने मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी अर्ज केला तेव्हा पित्याच्या सहीचा आग्रह धरण्यात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १९९९ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की 'त्यानंतर' म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर असे नव्हे. पिता मुलाच्या पालनपोषणात प्रत्यक्ष सहभागी नसेल तर त्याच्या हयातीतही माता पालक म्हणून काम करू शकते. तत्पूर्वी १९७३ मध्ये रोझी जेकब खटल्यात याच न्यायालयाने मुले ही आईवडिलांची मालमत्ता नव्हेत वा खेळणीही नव्हेत, असे बजावले होते.

इतिहासाच्या अभ्यासकाला येथे विनयपिटकाचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. राहुलमातेने राहुलाला पित्याकडे आपला वारसा मागण्यासाठी पाठविले. त्याला प्रव्रज्या देण्यात आली, तेव्हा शुद्धोदनाला तीव्र दुःख झाले. आपल्याला झालेली वेदना दुसऱ्या कोणाच्या वाट्यास येऊ नये म्हणून त्याने विनंती केली आणि बुद्धांनी नियम केला : मातापित्यांच्या अनुमतीवाचून पुत्राला प्रव्रज्या देऊ नये. नियमात केवळ पित्याचा उल्लेख नाही. माता व पिता दोघेही आहेत. मुलाला स्वीकारणाऱ्या संस्थेने प्रथम त्याच्या माणसांना विचारावे, ही शिस्त आजच्या निवासी शाळेलाही मार्गदर्शक आहे.

शिक्षण : मुलाचा स्वतःचा हक्क

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ अस्तित्वात आले आणि ६ ते १४ वयोगटातील बालकांना शिक्षणाचा मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने आपल्या पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरविले. येथील भेद नीट लक्षात घ्यावा : मुलाच्या बाजूला हक्क आहे, पालकांच्या बाजूला कर्तव्य आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्क कायदा याच पायावर उभा आहे. जन्माचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दुसऱ्या शाळेत जाणाऱ्या बालकाला मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ द्यावा लागतो. आणि दाखला येण्यास विलंब झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडविता येत नाही. म्हणजेच पती 'दाखला निघू देणार नाही' असे म्हणत असला, तरी आईबरोबर दुसऱ्या गावी गेलेल्या पाचवीतील मुलाला घरी बसविण्याचे काहीही कारण नाही.

खर्चाविषयीही कायदा स्पष्ट आहे. विवाहविषयक दावा चालू असताना मुलांचा ताबा, निर्वाह व शिक्षण यांविषयी न्यायालय आदेश देऊ शकते. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः पित्याने करावा आणि आई पुरेसे कमावत असल्यास दोघांनी प्रमाणात वाटून घ्यावा, असे सांगितले. वकिलाची फी परवडत नाही म्हणून गप्प बसणाऱ्या मातांनी हेही जाणून घ्यावे की १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, बालके आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती मोफत कायदेशीर साहाय्यास पात्र आहेत. त्यासाठी तालुका किंवा जिल्हा न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करावा.

आठवीनंतरची पोकळी

शिक्षणहक्क कायद्याचे छत्र आठवीपर्यंतचे आहे. खरी कसोटी त्यानंतर लागते. नववी-दहावीत शिष्यवृत्तीचा अर्ज येतो, बोर्डाचा अर्ज येतो, आणि त्यांबरोबर कागद येतात. आपल्या समाजातील विद्यार्थ्याला जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो आणि पुढे जात वैधता प्रमाणपत्राच्या वेळी वडील, आजोबा, आत्या यांचे शाळेचे दाखले लागतात. म्हणजे सर्व पुरावा पित्याच्या घराण्याकडचा! विभक्त पित्याने तो द्यायचा नाही असे ठरविले, तर मुलाचे पुढील शिक्षण त्याच्या पेटीत कुलूपबंद होते.

शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या तारखेपर्यंत दप्तरातच ठेवणारी मुले शिक्षकांनी पाहिलेली असतात. वरवर तो आळस दिसतो. चौकशी केल्यावर कळते की वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी मुलीचे पेन थांबलेले आहे. वडिलांकडे कागद मागावा तर आई दुखावते आणि न मागावा तर शिष्यवृत्ती जाते. चौदा वर्षांच्या मुलीवर ही निवड लादणे हाच अन्याय आहे.

याला उपाय आहेत. आजोबा किंवा वडील ज्या शाळेत शिकले, त्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद असते. तिचा उतारा मिळविण्यासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करावा आणि त्या अर्जास मुलाच्या शाळेने पत्र द्यावे. वडिलांकडील कागदांच्या प्रती देण्याविषयी न्यायालयाकडेही विनंती करता येते. ताबा व पोटगी यांच्या तडजोडीच्या वेळीच 'शैक्षणिक कागदपत्रांच्या प्रती दोघांकडे राहतील' हे कलम लिहून घेतले, तर पुढचा त्रास टळतो. जनरल रजिस्टरमधील नाव, आडनाव व जातीची नोंद दहावीपूर्वीच तपासून घ्यावी. मूल शाळा सोडून गेल्यावर ती दुरुस्ती अत्यंत कठीण होते.

शाळेची भूमिका

शाळा हे न्यायालय नव्हे. कोण खरा व कोण खोटा, हे ठरविण्याचे काम शिक्षकांचे नाही. परंतु तटस्थ राहणे म्हणजे अंग काढून घेणे नव्हे. पुढील पथ्ये प्रत्येक निवासी शाळेने पाळावीत :

१) प्रवेशाच्या वेळीच आई व वडील या दोघांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक नोंदवावेत. न्यायालयाचा आदेश असल्यास त्याची प्रमाणित प्रत घ्यावी व तंतोतंत पाळावी.

२) मुलाला भेटायला किंवा न्यायला कोण येऊ शकते, याची लेखी यादी वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे असावी. तोंडी सांगण्यावरून मूल कोणाच्याही स्वाधीन करू नये.

३) आदेशात मनाई नसल्यास प्रगतिपुस्तक दोघांनाही दाखवावे. आईवडील विभक्त झाले तरी दोघांशीही संपर्क राहणे हा मुलाचा हक्क आहे, असे भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेली बालहक्क संहिता सांगते.

४) एका पालकाच्या सांगण्यावरून दुसऱ्याविरुद्ध दाखले किंवा अभिप्राय लिहून देऊ नयेत. न्यायालयाने मागितल्यास हजेरी, गुण व फी यांची दप्तरातील नोंद तेवढी द्यावी.

५) तारखेस नेण्यात येणाऱ्या मुलाचा बुडालेला अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी वर्गशिक्षकाने घ्यावी. फी थकली म्हणून वर्गासमोर मुलाचे नाव पुकारू नये.

६) मुलाला मारहाण किंवा धोका असल्याचे दिसल्यास तडजोडीची वाट न पाहता १०९८ या क्रमांकावर किंवा बालकल्याण समितीला कळवावे.

पालकांना विनंती

पालकहो, आपला संसार टिकला नाही, याचा दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. मुलाला तो ठरवायला सांगू नका. 'तुझ्या बापाला सांग', 'तुझ्या आईला विचार' असे निरोप त्याच्या हाती देऊ नका. रविवारच्या भेटीत त्याला प्रश्न विचारायचाच असेल, तर या आठवड्यात काय शिकलास, हा विचारा. शाळा बदलणे अपरिहार्य असेल तर ती वर्षअखेर बदला. आपल्या आजोबा-पणजोबांना शाळेच्या उंबरठ्याबाहेर बसविले गेले. ते बसविणारे परके होते. आज आपल्या मुलाला वर्गाबाहेर काढणारा हात आपलाच नाही ना, एवढे प्रत्येक आईने व प्रत्येक वडिलांनी स्वतःला विचारावे. एकमेकांविरुद्धचा दावा कोणीही जिंको. मुलाचे वर्ष वाया गेले तर त्या घरात जिंकलेले कोणीच नसते.