रोबोटची कातडी आणि आपली स्क्रीन

यंत्राचा हात काचेचा पेला उचलतो, परंतु तो किती जोराने धरावा हे त्याला कळत नाही. कॅमेऱ्याला पेला दिसतो, दाब दिसत नाही. म्हणून रोबोटच्या बोटांवर दाब ओळखणारी पातळ, लवचिक कातडी चढवितात. टोकियो विद्यापीठाचे ताकाओ सोमेया यांनी २००४ साली अशा कृत्रिम त्वचेचा नमुना मांडला. तो फार गुंतागुंतीचा होता. मात्र तिचा एक साधा प्रकार स्क्रीन प्रिंटिंगवर तयार होतो. फ्लेक्स व डिजिटल छपाई आल्यापासून आमच्या ओळखीच्या किती तरी छपाईवाल्यांच्या फ्रेमा भिंतीला टेकून पडल्या आहेत. हातात हुनर आहे, काम नाही. त्या बंधूंसाठी ही माहिती देत आहोत.

या कातडीचे दोन पदर असतात. खालच्या पॉलिएस्टर फिल्मवर चांदीच्या शाईने दोन कंगवे छापतात. एकाचे दात दुसऱ्याच्या दातांमध्ये, पण कुठेही न चिकटलेले. वरच्या फिल्मवर काळ्या कार्बन शाईचा ठिपका. कडेने दुहेरी चिकटपट्टी लावली की मध्ये बारीक फट राहते. बोट टेकले की कार्बन दोन्ही कंगव्यांना जोडतो. दाब वाढला की टेकणारे बिंदू वाढतात आणि विजेचा अडथळा उतरतो. मीटरवर तो दहा लाख ओहमच्या वरून काही हजारांवर येतो.

दाब नेमका कोठे पडला, हे कळण्याची युक्ती विणकराला शिकवावी लागणार नाही. एका फिल्मवर उभ्या रेघा, दुसरीवर आडव्या, दोन्हींवर कार्बनचा थर. ताणा आणि बाणाच तो! ८ उभ्या व ८ आडव्या रेघांत ६४ जागा होतात, तारा लागतात फक्त १६. खोड एकच: चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले तर चौथाही दाबल्यासारखा दिसतो. त्याचा बंदोबस्त सर्किटमध्ये करावा लागतो, छपाईत नव्हे.

मनीषनगरात आमच्या पिशव्या ज्या दोन खोल्यांत छापल्या जातात, तेथे अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्यासाठी आम्ही हा प्रयोग करून पाहिला. एका सेंटीमीटरला ७७ धाग्यांची जाळी घेतली. कापडाला याहून जाड चालते. छापलेल्या रेघा आम्हाला फिक्या वाटल्या. कारागिराला म्हणालो, "भाई, आणखी एक हात मारा."

"शेठ, राहू द्या, भरून जाईल," तो म्हणाला.

आम्ही ऐकले नाही. कापडावर दुसऱ्या हाताने रंग खुलतो. येथे शाई पसरली, कंगव्यांचे दात जुळले आणि वीसच्या वीस फिल्मी वाया गेल्या. चांदीची शाई ग्रॅमच्या हिशेबाने पडते. चूक आमची, पैसेही आमचेच. पहिल्या हाताची एक फिकी फिल्म बाजूला राहिली होती, ती मीटरवर अगदी बरोबर निघाली.

दुसरे नुकसान त्या कारागिरानेच वाचविले. ही शाई १२० ते १३० अंशांवर दहा-पंधरा मिनिटे भाजावी लागते. त्या उष्णतेत फिल्म किंचित आकसते आणि पुढची शाई जागेवर बसत नाही. त्याने विचारले, "कोरे कापड आपण आधी आकसवून घेतो, तशी ही कोरीच भाजून घेऊ का?" मेम्ब्रेन कीपॅड बनविणारेही हेच करतात.

पॉलिएस्टर वाकते, ताणले जात नाही. सांध्यावर बसवायची तर रबरासारखी टीपीयू फिल्म व ताण सोसणारी शाई हवी. शिवाय दमट हवेत वीज चालू असता चांदी एका रेघेतून दुसरीकडे सरकते, म्हणून तिच्यावर कार्बनचे पांघरूण घालतात. आमच्या मते रोबोटचे गिऱ्हाईक शोधत बसण्यापेक्षा आधी वजनकाट्याचे कीपॅड छापावेत. शाई तीच, भट्टी तीच, मीटर तोच.

दुसऱ्या खेपेला वीसपैकी सतरा फिल्मी मीटरला उतरल्या. उरलेल्या तिन्हींत एकाच जागी रेघ तुटलेली होती. जाळी धुतली तेव्हा तेथे एक केस अडकलेला सापडला.