अवधूताचे गुरू आपल्याच गल्लीत

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

 

आज गुरुवार. सकाळची पूजा, दुपारचा नैवेद्य, संध्याकाळची आरती हे आपल्या घराघरांत ठरलेलंच आहे. आजचा पाठ मात्र देवघरातून उठून उंबऱ्याबाहेर नेणारा आहे. अभ्यासाला घेतले आहेत अवधूताचे २४ गुरू. आपल्यापैकी पुष्कळांना ही यादी पाठ असेल. आज यादीपेक्षा अवधूताची रीत समजून घेऊ या. ती रीत आपल्या रोजच्या दिवसात कशी उतरवायची, एवढाच आजचा विषय.

*कथा कुठे येते?*

श्रीमद्भागवताच्या ११व्या स्कंधात, ७ ते ९ या अध्यायांत. श्रीकृष्ण उद्धवाला उपदेश करताना एक जुनी गोष्ट सांगतात. यदुराजाला एक तरुण अवधूत निर्भयपणे फिरताना दिसतो. विद्या आहे, रूप आहे, अंगात ताकद आहे, जवळ मात्र काहीच नाही. तरी चेहरा प्रसन्न. राजा विचारतो, लोक लोभाच्या वणव्यात होरपळतायत आणि तुम्ही गंगेच्या पाण्यात उभ्या असलेल्या हत्तीसारखे शांत, हे कसं काय?

अवधूत स्वतःच्या तपाबद्दल बोलत नाही. तो आपल्या गुरूंची नावं सांगू लागतो. हा अवधूत म्हणजेच श्रीदत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. संत एकनाथ महाराजांनी याच ११व्या स्कंधावर 'एकनाथी भागवत' लिहिलं. पैठणला सुरू झालेला हा ग्रंथ काशीत १५७३ साली पूर्ण झाला. ज्यांच्या घरी तो आहे त्यांनी या आठवड्यात हे अध्याय जरूर काढून वाचावेत.

*यादी नीट बघू या*

पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, अग्नी, चंद्र, सूर्य. मग कबूतर, अजगर, समुद्र, पतंग, मधमाशी, हत्ती, मध काढून नेणारा, हरीण, मासा. मग पिंगला, कुरर पक्षी, लहान मूल, कुमारी, बाण करणारा कारागीर, साप, कोळी आणि कुंभारीण माशी. झाले २४.

या यादीत तीन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत.

पहिली, यातल्या एकालाही आपण कुणाचे गुरू आहोत हे ठाऊक नव्हतं. कुणी दीक्षा दिली नाही, उपदेश केला नाही. शिकण्याचं काम अवधूताने केलं.

दुसरी, अवधूत 'सगळ्या सृष्टीचे आभार' असं मोघम बोलत नाही. कुणाकडून नेमकं काय घेतलं ते सांगतो. समुद्राकडून हे, की पावसाळ्यात नद्या भरून आल्या तरी उसळायचं नाही आणि उन्हाळ्यात आटल्या तरी सुकायचं नाही. देणाऱ्याचं नाव आणि घेतलेली गोष्ट, दोन्ही तो स्पष्ट सांगतो.

तिसरी, सगळे गुरू चांगलेच होते असं नाही. पतंग ज्योतीवर झेपावून जळाला, मासा गळाला लागला. मध काढणारा तर दुसऱ्याने साठवलेलं उचलून नेणारा. कसं वागू नये हे ज्यांनी शिकवलं, त्यांनाही अवधूताने गुरू म्हटलं आहे.

आजच्या पाठाचं सार इथेच आहे. कृतज्ञता म्हणजे नुसतं छान वाटणं नव्हे. कोणाकडून काय मिळालं हे नावानिशी ओळखायचं आणि त्याप्रमाणे वागणं बदलायचं. आता आपल्या गल्लीत येऊ.

*पृथ्वी : सकाळचा नमस्कार*

सकाळी अंथरुणातून उठताना पाय टेकवण्याआधी आपण भूमीला नमस्कार करतो. आजींनी शिकवलेलं असतं, हात आपोआप जातो. अवधूताने पृथ्वीकडून शिकलं ते असं : लोक कितीही तुडवोत, तिने आपला मार्ग सोडला नाही.

नमस्कार करून आपण दार उघडतो. दाराला दुधाची पिशवी लटकलेली, पेपर पडलेला, जिना झाडलेला. हे सगळं आपण झोपेत असताना कुणीतरी करून गेलेलं असतं. इंदूरच्या मंडळींच्या सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते आणि ओला वेगळा, सुका वेगळा द्यावा लागतो. विवेक म्हणजे काय हे मुलांना समजवायचं असेल तर त्या गाडीपाशी उभं करा. काय कशात मिसळू द्यायचं नाही हे रोज कळणं, हाच तर विवेक.

या माणसांपैकी किती जणांची नावं आपल्याला माहीत आहेत? 'दूधवाला', 'पेपरवाला', 'कचरेवाला' यांच्यापुढे आपण कधी गेलो का? भूमीला केलेला नमस्कार तिच्यासारखंच निमूट सोसणाऱ्या माणसांपर्यंत पोचायला हवा.

*सूर्य : घेतलेलं परत देणं*

सूर्य किरणांनी पाणी शोषून घेतो आणि वेळ आली की पाऊस होऊन सोडून देतो, स्वतःपाशी ठेवत नाही. आपल्याकडे शेजारच्या घरून आलेली वाटी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालून देतात, पण रिकामी नाही. ही रीत आणि सूर्याची शिकवण एकच आहे.

यात एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. घरी कामाला येणाऱ्या ताईंना 'तुम्ही आमच्या घरच्याच' असं म्हणायचं आणि पगार मात्र १०-१२ तारखेपर्यंत लांबवायचा, हे बरोबर नाही. त्यांच्या घरात आजारपण असताना सुट्टीचे पैसे कापायचे आणि त्याच गुरुवारी देवाला पेढे ठेवायचे, हेही नाही. त्यांचं त्यांना वेळेवर आणि पूर्ण द्यावं. आभाराचे शब्द त्यानंतर.

*मधमाशी : आपल्या परक्या गावांची आठवण*

मधमाशी प्रत्येक फुलातून थोडंसंच घेते, फुलाला इजा करत नाही. 'माधुकरी' हा शब्द मधुकरावरूनच, म्हणजे भुंग्यावरून आला. गाणगापूरला गेलेल्यांनी हे अनुभवलं असेल. भीमा-अमरजेच्या संगमावर स्नान, निर्गुण पादुकांचं दर्शन आणि दुपारी हातात झोळी घेऊन पाच घरी माधुकरी. चांगल्या पगाराचा माणूससुद्धा तिथे परक्याच्या दारात उभा राहतो. मिळालेल्या तुकड्याची किंमत त्याला तेव्हा कळते.

याच मधमाशीचा दुसरा धडाही आहे. जी साठवत बसते ती साठ्यासकट जाते.

आपल्या वाचकांसाठी या धड्यात आणखी एक अर्थ आहे. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा इथली आपली घराणी शिंदे, होळकर, गायकवाडांच्या काळापासून आली आणि तिथलीच झाली. हैदराबादला कुणी नोकरीने आलं, कुणी व्यापाराने. आपण आपला गणपती, आपली मंगळागौर, आपला दत्तजन्म जपला हे खरंच. पण अन्न, पाणी, काम तर त्या गावाने दिलं. बडोद्याच्या शेजारच्या बेन ढोकळ्याचं ताट पाठवतात, हैदराबादच्या तेलुगू वहिनी आपल्या पोरांना शाळेतून घेऊन येतात. बेळगावच्या कन्नड मावशींना आपल्या घरातलं सगळं कळतं, न सांगता. त्यांची भाषा आपण चार वाक्यांइतकी तरी मनापासून शिकलो का? संक्रांतीचा तिळगूळ आणि हळदीकुंकवाचं बोलावणं फक्त मराठी दारांशीच थांबतं का? फुलाला इजा न करणं एवढं तर झालंच पाहिजे, पण फुलाची ओळखही हवी.

*कुमारी : भिंतीपलीकडचा आवाज*

एका मुलीला बघायला पाहुणे आले. घरची मोठी माणसं बाहेर गेलेली. पाहुण्यांना जेवू घालायचं म्हणून ती आत साळी कांडायला बसली. हातातल्या बांगड्या वाजू लागल्या. घरात कांडलेले तांदूळही नाहीत हे पाहुण्यांना कळेल याची तिला लाज वाटली. तिने एकेक करून बांगड्या उतरवल्या. दोन-दोन उरल्या, त्याही वाजतच होत्या. शेवटी एकेक ठेवली तेव्हा आवाज थांबला.

अवधूताने यातून एकांत शिकला. आपण गृहस्थ. आपल्याला एकांत कुठून? चाळीत, वाड्यात, फ्लॅटमध्ये भिंतीला भिंत लागून. पण ही गोष्ट आपल्यालाही काही सांगते. शेजारच्या घरातलं भांडण, रडणं, हप्त्यासाठी आलेला फोन हे सगळं आपल्या कानावर पडतंच. ती मुलगी बांगड्या उतरवून आपल्या घराची अब्रू झाकत होती. आपण ऐकलेलं पुढे न नेता शेजारच्या घराची अब्रू झाकावी. कुणाला कळणारही नाही अशी ही सेवा आहे.

मात्र भिंतीपलीकडे कुणाला मारहाण होत असेल, कुणी जिवानिशी त्रासात असेल, तर ते झाकायचं नाही. तिथे दार वाजवायचं आणि मदत आणायची.

*आणि ज्यांच्याशी आपला अबोला आहे ते?*

आजच्या पाठातला हा सगळ्यात अवघड भाग. गच्चीची गळती, पार्किंगची जागा, नळाचं पाणी, पोरांच्या चेंडूने फुटलेली काच. कारण कधीचंच मिटलेलं असतं, पण दोन दारं वर्षानुवर्षं एकमेकांकडे बघत नाहीत. दोन्ही घरांत दत्तांची तसबीर असते. एका घरची आरती दुसऱ्या घरात ऐकू जाते, पण प्रसाद जात नाही.

इथे कुरर पक्षी आठवावा. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता म्हणून बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडले. त्याने तुकडा टाकला आणि तो सुटला. आपल्या भांडणात आपण चोचीत काय धरून ठेवलंय ते तपासा. पुष्कळदा गळती दुरुस्त झालेली असते, पैसेही चुकते झालेले असतात. उरलेलं असतं ते 'आधी त्यांनी बोलावं'. टाकायचा तो एवढाच तुकडा.

आता अवधूताची रीत लावा. या शेजाऱ्याने मला नेमकं काय शिकवलं? उत्तर साधं असू द्या. 'त्यांच्यामुळे मी कागदपत्रं नीट ठेवायला शिकलो.' 'त्यांच्यामुळे आमच्या मुलांना दुपारी हळू खेळायची सवय लागली.' एवढंही पुरे. एक गोष्ट जरी खरेपणाने सापडली, तरी तो माणूस आपल्या मनात निव्वळ वैरी राहत नाही. मग जिन्यात भेटल्यावर 'कसं काय?' म्हणणं तितकं जड जात नाही.

याचा अर्थ अन्याय सोसत राहा असा नाही. हक्काचं असेल ते मागावं, तक्रार करायची तर करावी. अवधूताने अजगराला गुरू मानलं, पण म्हणून तो त्याच्या विळख्यात जाऊन बसला नाही.

*एक शंका*

काही जण विचारतात, आपल्याला सद्गुरू लाभले आहेत, मग हे २४ कशाला? भागवतातच याचं उत्तर आहे. ज्ञान पक्कं व्हायला एकाच ठिकाणचं ऐकणं पुरत नाही, असं अवधूत स्वतः म्हणतो. आणि २४ झाल्यावर तो आपल्या देहालाही गुरू म्हणतो. सद्गुरू बघायला शिकवतात. ते शिकलेलं वापरायची जागा मात्र हीच : आपला जिना, आपला नळ, आपलं कोपऱ्यावरचं दुकान. त्यामुळे सद्गुरूंवरची निष्ठा कमी होत नाही, ती वागण्यात दिसायला लागते.

*या आठवड्याचा नेम*

१. सकाळी भूमीला नमस्कार करताना काल आपल्यासाठी राबलेल्या एका माणसाचं नाव मनात घ्यावं. नाव माहीत नसेल तर त्याच दिवशी विचारून घ्यावं.

२. जेवताना नैवेद्य किंवा चित्राहुती झाल्यावर एक घास गाय, कावळा, कुत्रा यांच्यासाठी बाजूला ठेवावा. बाल्कनीत पाण्याचं भांडं ठेवलं तरी चालेल.

३. दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर घरातल्या प्रत्येकाने एक वाक्य बोलावं : आज मला कोणी काय शिकवलं. माणूस, पक्षी, झाड, कुणीही चालेल. पण नाव आणि गोष्ट दोन्ही हवीत.

४. आठवड्यात एकदा एक वाटी शेजारी जाऊ द्यावी. शक्य असेल तर ज्या दाराशी जाणं थांबलंय त्या दाराशी.

ज्यांची रात्रपाळी आहे त्यांनी आपल्या वेळेप्रमाणे करावं. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना खिडकीपाशी बसवा आणि दिवसभरात काय दिसलं ते संध्याकाळी विचारा. घरातला तिसरा नेम त्यांच्याइतका कुणालाच साधणार नाही.

*घरात बोलण्यासाठी प्रश्न*

- २४ पैकी कोणता गुरू आपल्या घराला सध्या सर्वांत जास्त हवा आहे?
- आपल्या गल्लीत असं कोण आहे, ज्याच्यावाचून आपला एक दिवसही चालणार नाही, पण ज्याच्याशी आपण कधी बोललो नाही?
- कुणाचं काही द्यायचं राहिलंय का? पैसे, पुस्तक, भांडं, शब्द?

एक विनंती. उत्तरं घरात बोला, गटावर शेजाऱ्यांची नावं लिहू नका. ज्याचे आभार मानायचे ते त्याच्यापाशी जाऊनच मानावेत.

पुढच्या गुरुवारी पिंगलेची कथा घेऊ. तोवर सर्वांची साधना आणि शेजार सुखाचा असो.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.